समुद्र कालवताना

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, शेडच्या मागं,
चार हजार लिटरच्या टाकीत मी समुद्र कालवला.
हजाराला पस्तीस किलो, खडेमीठ, मंगळवार पेठेतून पोत्यांनी.
व्यापारी म्हणाला, लोणच्याचा कारखाना काढला काय?
म्हटलं, तसंच काहीतरी.

पाणी टँकरचं. नळाला पाचव्या दिवशी येतं,
तो चौथा होता.
समोरच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन आल्या,
मिठाची पोती बघून परत गेल्या.

मोटर पोशव्वा म्याकलनं गुंडाळलेली.
तीस वर्षं विड्या वळलेली बोटं;
विडीचं तोंड मुडपावं तसं ती तारेचं टोक मुडपते.
तीन मोटरी जळाल्या. चौथीचा वास आला नाही.

हिच्यात थांबलेलं असं काही नाही:
आतलं उजवीकडे फिरतं, बाहेरचं डावीकडे,
दोन पंखे एकमेकांविरुद्ध,
म्हणून नळी गरगरत नाही, सरळ जाते.
पोशव्वा म्हणाली, आमच्यात पण असंच होतं, मी आणि मालक.
सरळ मात्र कुठं गेलो नाही.

किनाऱ्यावरून दोन साहेब आले.
चांदीच्या पत्र्यांची बॅटरी सराफासारखी तोलून दिली, सही घेतली.
आयुष्य सहा मिनिटं.
जुना टॉर्पेडो मागं बुडबुड्यांची रेघ सोडायचा.
याची रेघ नको, आवाज तर नकोच.

म्हणून चिट्याल मामांना बोलावलं.
पस्तीस वर्षं यंत्रमागावर; दोन्ही कान गेलेले.
त्यांनी तळहात टाकीला लावला, डोळे मिटले.
चौथ्या मिनिटाला म्हणाले,
मागची बेअरिंग.
साहेबांनी मीटरकडे बघितलं, मग मामांच्या हाताकडे,
मग कागद झाकून काहीतरी लिहिलं.

पोशव्वानं विचारलं, हे आता कुठं जाणार?
समुद्रात.
आणि समोर कोण असतं?
साहेब म्हणाले, चहा छान आहे, आलं घातलंय का?

त्यांची जीप होटगी रोडला लागली.
मी टाकीची तोटी सोडली.
अर्धा तास समुद्र गेटातून रस्त्यावर वाहत होता,
मे महिना, दुपारपर्यंत सगळं पांढरं पडलं.

गेटजवळचा लिंब त्या वर्षी फुटला नाही.
पण त्या दिवशी कुणाची तरी शेळी आली,
गुडघे टेकून
जमीन चाटत बसली,
हाकललं तरी उठेना.