काठाबाहेरचं नाव

सांता फेच्या टाकसाळीत थंडी लवकर उतरते.
एउसेबियो घण उचलतो तेव्हा
आधी तोंडातून वाफ निघते, मग आवाज.

सोन्याचा तुकडा कधीच गोल नसतो.
कात्रीनं कोपरे उडवून वजनाला आणलेला,
पोरानं अर्धवट खाल्लेल्या मक्याच्या भाकरीसारखा.
एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला ढाल
आणि कडेनं राजाचं नाव, किताबासकट.
ते मात्र नेहमी काठाबाहेर पडतं.
साच्यात पुरतं आहे. सोन्यावर मावत नाही.

पारखी डॉन फाद्रिके ओरडतो,
"आज पुन्हा राजा निम्माच!"
एउसेबियो मान खाली घालतो.
टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात,
पण घाव घालणाऱ्याला काय येतं?
खांदा.
उजवा, डाव्यापेक्षा बोटभर खाली.

सुटताना दारात केस विंचरून बघतात,
नखं, कान, जोड्यांचे तळ.
झाडलेली धूळसुद्धा धुऊन घेतात.
काही सापडत नाही.

घरी खेरोनिमा विचारते, किती पाडली?
तो कोळसा उचलतो
आणि चुलीमागच्या भिंतीवर
आज न मावलेली अक्षरं काढतो,
वाचता येत नाहीत तरी, दिसली तशी.
कालची, परवाची शेजारीच आहेत.

पिलार बोटानं शोधत फिरते.
त्यातली पाच वेचून
खाली एका ओळीत मांडते.
कुणी शिकवलं, सांगत नाही.

"हे काय?"
"मी," ती म्हणते.

खेरोनिमा म्हणते, पुसा आता, भिंत काळी होतेय.
कुणीच उठत नाही.