चाळीस सेंटिमीटर

नळी करंगळीएवढी,
अंगभर भोकं, आणि भोकांवरून
पांढऱ्या पापुद्र्याची घट्ट गुंडाळी.
पाणी अडवायचं, वायू आत घ्यायचा,
एवढंच त्या पापुद्र्याचं काम.
ऑगस्टात चिखलात बसून तीन नळ्या पुरल्या:
दहावर, वीसवर, चाळीसवर.
वायरी वर आणून डब्यात खोचल्या,
डब्याला कुलूप, कुलपाला दुधाची पिशवी,
कारण राळेगावच्या पुढे
कुलूप चोराआधी गंजाला भितं.

खड्डा खणायला मारोती कुमरे होते, रोजंदारीवर.
ढेकूळ बोटांनी फोडून पाहिलं, मग पहार उचलली.
‘चुनखडी लागन हातभरावर.’
लागली.

‘हे काय मोजते वो मॅडम?’
जमिनीचा उच्छ्वास, मी म्हटलं, आणि ओशाळले.
अहवालातला शब्द, इस्त्री केलेला,
तुरीच्या धुऱ्यावर उभा.
मग नीट सांगितलं:
मुळं, बुरशी, न दिसणारे किडे, सगळे खाली वायू सोडतात,
तो पापुद्र्यातून झिरपतो नळीत,
तिथे एक दिवा असतो, डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा.
वायू जितका दाट,
तितका उजेड पलीकडे कमी पोचतो.
त्यावरून आकडा.

त्यांनी पहार आडवी ठेवली.
‘आमी बी दिवाच सोडो. इहिरीत.’

तीस-पस्तीस विहिरी खणल्या त्यांनी या तालुक्यात.
आधी दोराला बांधून कंदील उतरायचा,
मागून माणूस.
कंदील विझला की वर बसून राहायचं,
कडुलिंबाचा डहाळा दोरानं खालीवर करत,
आतली हवा ढवळत,
दोन विड्या होईपर्यंत.
मग पुन्हा कंदील.
‘त्या दिवशी काच फुटेल होती कंदिलाची.
भाऊ म्हने, दोन मिन्टाचं काम हाय.’

पुढे ते चुनखडीचे खडे वेचून
बाजूला रचत राहिले.
मी वहीत लिहिलं: चाळीसवर चौदा हजार,
दहा लाखांत.
हात उगाच थरथरत होता, तीनचा आकडा आठासारखा पडला,
खोडून पुन्हा काढला.

फेब्रुवारीत चाळीसचा आकडा पडला.
रात्रीतून, चारशे तीसवर.
म्हणजे माझ्या खोलीत असते ती हवा,
बसस्टँडवर असते ती.
पापुद्रा फाटला असणार, सर फोनवर म्हणाले,
तेवढे दिवस वगळून टाक.
मी गाडीला किक मारली.

तूर निघालेली, शेतात तुराट्यांचे खुंट.
बॅटरी ठीक. जोड ठीक.
मारोतीभाऊंनी एक तुराटी उचलली
आणि नळीशेजारच्या भेगेत सोडली.
जात राहिली. कोपरापर्यंत हात गेला त्यांचा.
‘मशीन नाई मेली.
जमीन उकलली.’

काळी माती हे करते, मला पुस्तकातून माहीत होतं:
भिजली की फुगते, वाळली की तडकते,
कोणाच्या प्रयोगाची वाट पाहत नाही.
पण मी तीन तास वायरी चाचपत होते
आणि भेग माझ्या चपलेखाली होती.

ऊन कलल्यावर त्यांनी काडी पेटवली,
तुराटीच्या टोकाला चिंधी, चिंधीला आग,
आणि गुडघ्यांवर बसून ती हळूहळू भेगेत उतरवली.
विडीसाठी नव्हतं हे.
पिवळा उजेड दोन्ही भिंतींवरून खाली सरकत गेला,
मुळांचे तुटके धागे दिसले,
एक मुंगी, तिची लांब सावली.
ते बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

‘पेटती हाय,’ शेवटी म्हणाले,
खाली कोणाला तरी सांगावं
तितक्याच आवाजात.

चाळीसचे आकडे मी वगळले नाहीत.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
भेग. बाहेरची हवा. चिंधी विझली नाही.
सर विचारतील, हे काय.
खड्डा नव्हता त्या दिवशी,
हजेरी मात्र पूर्ण मांडली.