उणे सव्वीस

फाईलवर त्याचं नाव नाही, नुसती आद्याक्षरं:
टी. एच., वय चार वर्षं, दोन महिने.
नाव मला माहीत आहे. टोबिन.
कागदावर ते लिहायचं नसतं,
म्हणून अकरा महिने मी त्याला दोन अक्षरांनी धरलंय,
गरम भांडं फडक्यानं धरावं तसं.

डुलुथच्या कोर्टात चौथ्या मजल्यावरून
गोठलेलं सरोवर दिसतं.
मार्च संपेपर्यंत जहाज येत नाही.
सकाळी मी उभी राहिले, म्हणाले:
काउंटीची विनंती आहे की
आईचे सर्व हक्क कायमचे संपुष्टात आणावेत.
पहिल्या वर्षी हे वाक्य
रात्री आरशासमोर म्हणून बघायचे.
आता बघत नाही.

निशाणी सात, लघवीचे अहवाल.
निशाणी नऊ, फ्रिजचा फोटो: मोहरीची बाटली,
अर्धा कांदा, आणि दारावर मुलानं चिकटवलेला
हिरवा डायनोसॉर, ज्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही.
निशाणी बारा, भेटींची वही. ठरलेल्या चाळीस,
आई आली तेवीस वेळा.
उरलेल्या सतरा वेळा मुलगा कुठे होता? मी विचारलं.
मारिसेला म्हणाली, खिडकीशी.
बूट घालून.
उत्तर मला आधीच ठाऊक होतं.
ठाऊक नसलेलं आम्ही विचारत नाही.

मग तिचा वकील प्रुइट उठला:
तेवीस वेळा आली ती, दोन बसेस बदलून,
रात्रपाळी करून.
तेही खरंच आहे.
न्यायाधीश ऑस्टबींनी चष्मा काढून पुसला
आणि निकाल राखून ठेवला.

पाच वाजता पार्किंगमध्ये मिट्ट काळोख,
पारा उणे सव्वीस.
एका जुन्या गाडीचं बॉनेट उघडं,
त्यात वाकलेली बाई. रेनेल हॉलस्टाड.
बहिणीची गाडी मागून आणली होती म्हणे आजच्यासाठी.
आमच्याकडे या थंडीत
वैऱ्यालाही असं सोडून जात नाहीत,
आणि केबल प्रत्येकाच्या डिकीत असते.

वकिलाच्या माघारी तिच्याशी
केसबद्दल अवाक्षर बोलायची मला मनाई आहे.
म्हणून मी एवढंच म्हणाले,
लाल लालला.
माहितीये, ती म्हणाली.
काळी कुठे लावायची ते मला कधीच आठवत नाही.
तिनं हातमोजा काढला, बोटानं दाखवलं:
इथे, उघड्या लोखंडाला.
फाईलमध्ये तिचे हात तीन ठिकाणी आहेत,
तिन्ही ठिकाणी थरथरणारे.
आत्ता थरथरत नव्हते.

माझी गाडी चालू. तिची गप्प.
थांब अजून, ती म्हणाली.
आम्ही थांबलो. आमच्या वाफा
एकमेकींना न विचारता एक होत होत्या.
मग माझ्याकडे न बघता, बॉनेटला सांगावं तसं,
ती म्हणाली:
वारा लागला की त्याचा डावा कान दुखतो.
सांगत नाही तो. नुसता खांदा वर करतो.

मी म्हणायला हवं होतं, हे मला सांगू नका.
दातखीळ बसली.
थंडीनं, असं समजू.

गाडी सुरू झाली.
तिनं माझी केबल नीट गुंडाळली,
गाठ मारली, हातात दिली,
आणि थँक्स म्हणाली, पेट्रोलपंपावर
कुणालाही म्हणावं तसं.

घरी आल्यावर ईमेल लिहायला बसले,
मारिसेलाला, प्रत प्रुइटला, नियमाप्रमाणे:
साडेपाचच्या सुमारास, योगायोगानं,
बॅटरी उतरलेली, केसबद्दल बोलणं नाही.
कान केसमध्ये येतो का
यावर बराच वेळ गेला. चहा निवला.
शेवटी लिहिलं: टोपी कानांवरून ओढून घालावी,
विशेषतः डावीकडे.

विषय काय लिहावा सुचेना.
टोबिन, असं लिहिलं.
बघत राहिले.
खोडलं, आणि टी. एच.