बाबागाडी

मगरिबची अजान संपली की
हमरियाच्या तिसऱ्या गल्लीत, आमच्या कॅफेटेरियासमोर
एक बाबागाडी येऊन थांबायची.
निळी. पुढचं एक चाक कुरकुरणारं.
आत बाळ नाही, पातेलं.
पातेल्यात मसुरीचे पियाजू,
भोवती जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या,
आणि वरून दुपटं, हत्तींच्या चित्रांचं.

शंभर बैशांना पाच.
आमच्याकडे शंभराला एक समोसा,
तोही सकाळचा,
काचेआड दिव्याखाली घाम गाळत बसलेला.

तोफज्जल त्याचं नाव. कुमिल्ल्याचा.
साइटवरून सुटला की आंघोळ करून, भांग पाडून यायचा,
जसा काही पोराला फिरवायला निघालाय.
वळणावर बलदियाची पांढरी पिकअप दिसली
की दांडा धरून गाडी हलकेच झुलवायचा
आणि ओठांवर बोट ठेवायचा.
एकदा तर एका इन्स्पेक्टरने
खरंच आवाज खाली केला होता.

मोइदुक्का हिशेब मोठ्याने करतात,
समोरच्या भिंतीला ऐकू जाईल असा.
भाडं साडेतीनशे रियाल. परवान्याचं नूतनीकरण वेगळं.
माझं नि शाजीचं हेल्थ कार्ड.
मी टोपी घातली नाही म्हणून गेल्या महिन्यात वीस रियाल दंड,
माझ्या डोक्यावरच्या चार केसांसाठी.
"आणि ह्याला? छप्पर नाही, कागद नाही, नळाचं बिल नाही.
ह्याच्या तेलात कोण बोट घालून बघतो?"

त्यात खोटं काय?
मी गुहागरचा, गल्ल्यावर बसतो.
रात्री बाराला नाणी मोजणाऱ्याला
असला हिशेब खोडता येत नाही.

अर्ज द्यायला मीच गेलो.
टायपिंग सेंटरवाल्याने विचारलं,
विक्रेता लिहू की इसम?
म्हटलं, इसम.
पाचशे बैसे झाले.
परतताना डोक्यात आलंच:
एवढ्यात पंचवीस पियाजू आले असते.

गुरुवारी ते चालत आले.
पिकअप लांब ठेवून,
दोघे मशिदीकडून, एक आमच्या बाजूने.
ह्या वेळी त्याने झुलवलं नाही, बोटही उचललं नाही.
गाडी आमच्या पायरीशी लोटली,
माझ्याकडे बघून म्हणाला, "भाई, देखना,"
आणि पळाला.
सांभाळ म्हणाला, की
बघ, काय केलंस ते?
त्याच्या हिंदीत दोन्हीला एकच शब्द.

इन्स्पेक्टरने दुपट्याकडे हात केला. हे कोणाचं?
मी गल्ल्याची किल्ली उगाच फिरवत राहिलो.
मोइदुक्का, ज्यांच्या खिशातून अर्जाचे पैसे गेले ते,
फडक्याला हात पुसत बाहेर आले.
"नातू," म्हणाले. "आत्ताच झोपलाय."

एकतीस वर्षांत ज्यांचं कुणीच
इथे येऊन राहिलेलं नाही, त्यांचा नातू.
कांद्याचा, तळणाचा वास सगळ्या गल्लीला येत होता.
इन्स्पेक्टरलाही नाक होतंच.
त्याने वहीत काहीतरी लिहिलं, पान उलटलं, गेला.

रात्री मला मेसेज आला:
आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे.
आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

तोफज्जल परत आला नाही.
कुणी म्हणतं सोहारला गेला,
कुणी म्हणतं पकडला, पण दुसऱ्याच गल्लीत.
दुपटं मी दोनदा धुतलं.
एका हत्तीच्या सोंडेतला तेलाचा डाग गेला नाही.

आता बोर्डावर माझ्याच अक्षरात आहे:
पियाजू, शंभराला तीन.
शाजीचे तेलात उकलतात, डाळ वेगळी, कांदा वेगळा.
काल साइटवरचा एक पोरगा काउंटरवर म्हणाला,
त्याच्याकडे पाच मिळायचे.
"त्याला भाडं नव्हतं," मोइदुक्का म्हणाले
आणि आत कोठारात गेले.

गिऱ्हाईक नव्हतं. फ्रिजही नेमका गप्प होता.
कांद्याच्या पोत्यांमागे
काहीतरी कुरकुरलं, एकदा,
मग थोडं थांबून
पुन्हा.