खपली धरेपर्यंत

शारजात, रोलाजवळ, एका फ्लॅटमध्ये दोन बिऱ्हाडं,
मधे एक स्वयंपाकघर, एकच न्हाणीघर.
पलीकडे शेरीन, सातवा महिना.
अलीकडे मी आणि निहार.
शनिवारी अंघोळीला त्याचा शर्ट काढला
तर पाठभर पाण्याचे फोड,
जणू कुणी ओले हात झटकलेत.

आई चिपळूणहून म्हणाली, बाया आल्यात,
कडुनिंब आण, घरात तळण नको.
कडुनिंब इथेही आहे गं,
नगरपालिकेच्या काळ्या नळीवर थेंबाथेंबानं जगणारा.
डहाळी तोडताना मी दोनदा मागे पाहिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
खपल्या पडायची वाट बघू नका,
धरायची बघा.
शेवटचा ओला फोड सुकेपर्यंत दार बंद.
मग चष्मा पुसत,
पुरळ दिसायच्या आधीचे एकदोन दिवस, तेही धरा.

तेच धरून बसलेय.
गुरुवारी तो शेरीनच्या पोटाला कान लावून होता,
‘आतून कोणीतरी दार वाजवतंय’ म्हणत.
शुक्रवारी तिच्या ताटातलं अप्पम याच्या तोंडात.

आता ओटा माझा रात्री अकरानंतर.
खिडकी उघडी, खोलीत भट्टी.
नळ, कडी, बादलीचा कान पुसत राहते.
निहारची नखं इतकी कापलीत
की त्याला संत्रं सोलता येत नाही.

लहानपणी आपल्याला झाल्या होत्या का,
शेरीनला ठाऊक नाही.
कोट्टयमला फोन केला. पाच पोरं,
कुणाला काय झालं, अम्मालाही आठवेना.
मध्यरात्री भिंतीपलीकडून फोटो आला:
केसांच्या कडेला मुगाएवढा खळगा.
‘हा तोच का?’
मी तो मोठा करकरून पाहिला,
हरवलेला शाळेचा दाखला सापडावा तसा.

सोमवारी रक्ताचा कागद आला.
अम्मा विसरली होती,
रक्त नव्हतं विसरलं.
मी मोरीत बसून रडले, नळ सोडून.

तरी दार उघडलं नाही.
लिफ्टमध्ये रोज कुणाचं तरी तान्हं असतं.

संध्याकाळी याला उजेडात फिरवून बघते.
पोट सुकलं. पाठ सुकली.
डाव्या कानामागे एक, अजून ओला.

पलीकडून शेरीन भिंतीवर टकटक करते.
हा उजवा कान लावतो,
आणि मला बोटानं गप्प करतो.