बारा जोड

दर महिन्याच्या पाच तारखेला
मी माणसांचे तास मोजतो.
मिनियापोलिसच्या उत्तरेला, कंत्राटदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात,
पेन काखेत धरून,
कारण जानेवारीत शाईसुद्धा कामावर येत नाही.

कंत्राटातली अट सरळ आहे:
रूळ ज्या वस्तीतून जाणार
त्या वस्तीचे हात रुळाला लागले पाहिजेत.
अटीला हातांचं माप ठाऊक नाही.
हातमोजे आले ते सगळे एकाच साच्यातले.
व्हर्नेटा प्रुइटच्या बोटांपुढे
दोन-दोन इंच पोकळ टोकं.
तिने ती दुमडली, जाड दोऱ्याने शिवली
आणि वेल्डिंगला बसली.

रकाना चार, स्त्रिया: एक.
रकाना सहा, कृष्णवर्णीय: दोन.
रकाना सात, याच वस्तीतले: एक.
तिन्हीकडे तीच.
कागद दाखवला तर काच वर सारून हसली,
"तिघींएवढी भरते होय मी?
मग पगार तेवढा एकीचाच कसा लिहितोस?"

मला काही सुचलं नाही.
रात्री मागणीपत्र भरलं:
हातमोजे, लहान माप, बारा जोड.
साहेबांनी लाल शाईत विचारलं,
बाई एकच, मग बारा कशाला?
खाली लिहिलं,
म्हणूनच.

मार्चात हिबो आली, एकोणीस वर्षांची.
हिजाबावर हेल्मेट बसेना.
व्हर्नेटाने न बोलता पट्टा दोन भोकं सैल केला,
हातमोज्यांची नवी जोडी तिच्या छातीशी टेकवली,
आणि रुळाकडे बोट केलं. ते बोट आता
मोज्यात टोकापर्यंत भरलेलं.

कपाटात अजून दहा जोड आहेत.