थोडं अजून उमरेडकडे

ब्याण्णवच्या मे महिन्यात, गच्चीवर चपलेतूनही चटका बसायचा तेव्हा,
गुणवंत निमजेनं तांडापेठेत छत्री उभी केली.
बारा फुटांची. जाळी भंगारातली,
पाकळ्या लकडगंजच्या एका लोहाराकडून वाकवून आणलेल्या.
मी पाना धरायला. मजुरी: रोज एक प्लेट तर्री-पोहे,
आणि फुकट जोडणी, आमच्याकडे टीव्ही आलाच कधी तर.

खाली पडद्यावर नुसत्या मुंग्या.
खिडकीतून त्याची बायको शकुन ओरडायची,
"काही दिसून नाही राहिलं!"
"आता?"
"मुंग्याच!"
"थोडं अजून उमरेडकडे घे बे," तो मला म्हणायचा,
जसा काही उपग्रह उमरेडच्या यष्टी स्टँडवर
पिशवी घेऊन उभा होता.

छत्तीस हजार किलोमीटर, त्यानंच सांगितलं होतं,
आणि आम्ही पायाखालची विटकर सरकवत होतो
बोटभर.

मग शकुन गप्प झाली.
त्यावरून आम्हाला कळलं.

टेनिस. ओलं वाटावं इतकं हिरवं गवत,
आणि त्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस घाम पुसत होता.
आमच्याकडे शेचाळीस होतं. कुलरची टाकी कोरडी.
गुणवंतचा बाप, जागोबा, मागावरून उठून आला,
धोटा हातातच.
"इतक्या दुरून आणला थो, आन् चेंडूच मारून राहिला?"

पण रोज संध्याकाळी माग थांबायचा, हवामानासाठी.
हाँगकाँगला पाऊस. तैपेईवर ढग. सिंगापूर एकतीस.
"आपलं?"
"आपलं नाही येत, बाबा."
"मंग त्याले कसं मालूम, आपण पाहून राहिलो म्हणून?"

हे त्यांना मालूम करून घ्यायचं होतंच.
पुढच्या वर्षी कंपनीचा माणूस आला,
बर्डीच्या एसी हॉटेलात सगळे केबलवाले बोलावले, समोसे दिले,
आणि भिंतीवर नकाशा लावला: आशिया, आणि त्यावर
अंड्यासारखी एक रेघ.
"हा आमचा फुटप्रिंट."
"म्हणजे पायाचाच ठसा ना?" गुणवंतनं विचारलं.
टायवाला हसला. गुणवंत उठून नकाशाजवळ गेला,
नागपूर शोधलं, नव्हतं,
त्याच्याच पेनानं एक ठिपका दिला आणि पेन परत केला.
आता डिकोडर लागेल. दर घरामागे पैसे. तुमची घरं किती?
"साठ," गुणवंत म्हणाला.
दोनशे दहा होती.

परतताना झिरो माईलपाशी त्यानं लुना थांबवली.
दगडी घोड्यांकडे बघत म्हणाला,
"इंग्रजांनी इथूनच देश मोजला म्हणतात.
त्यांनाही कोणी खरा आकडा सांगितला नसंल."

वायर गच्चीवरून गच्चीवर जायची, विजेच्या खांबावरून,
पिंपळावरून, हेडाऊंच्या संडासाच्या पाइपावरून.
जागोबा तिला ताणा म्हणायचा. "बाणा कुठी हाय याचा?"
आम्ही हसायचो. माग एव्हाना आठवड्यातून तीन दिवस चालायचा.

मग एका रात्री सगळीकडे मुंग्या.
कापली, गोळीबार चौकातल्या पार्टीनं, असं आजही सगळे म्हणतात.
आम्ही टॉर्च घेऊन खांब तपासत होतो, शिव्या देत.
जागोबा न विचारता गच्चीवर चढला,
वायर दोन बोटांत धरली
आणि अंधारात चालू लागला,
कठड्यावरून, पत्र्यांवरून, कोणाच्या तरी खाटेला वळसा घालून,
तुटलेला धागा मागावर शोधावा तसा,
मान वर न करता.
"इथं."

कापली नव्हतीच पुरती. एक नस धरून होती.
मी सोललं, गुणवंतनं पीळ दिला, टेप लावली.
आणि खाली गल्लीभर खिडक्या एकदम निळ्या झाल्या,
दोनशे दहा घरांत एकाच वेळी
माणसं हसली, इंग्रजीत,
रेकॉर्ड केलेलं हसू, कशावर ते आम्हाला कोणालाच कळलं नाही.

जागोबा अजून वरच होता. बोटं नाकाजवळ नेऊन
वायरचा वास घेत होता.
"सूत नाही हे," म्हणाला,
आणि शिडीसाठी पाय चाचपू लागला.